वव्होची ऐंशी आणि आईची सात कार्डं

वव्होचा, म्हणजे माझ्या आजीचा, ऐंशीवा वाढदिवस सुपरमार्केटच्या माडीवर करायचा, हे आईने थँक्सगिव्हिंगलाच ठरवून टाकलं होतं, आणि त्यावरून जिल मामा थेट नाताळपर्यंत तिच्याशी बोलला नव्हता. म्हणजे बोलायचा, पण माझ्यामार्फत. "लिओनोर, तुझ्या आईला म्हणावं बटाटे इकडे सरकव." आई माझ्या शेजारीच बसलेली असायची.

"आपल्या आईची ऐंशी वाण्याच्या दुकानात?" तो तेव्हा ओरडला होता. "खाली टॉयलेट पेपर आणि वर केक!"

"वाण्याचं दुकान नाही ते. वर मोठा हॉल आहे, खिडकीतून नदी दिसते. आणि तिथलं बिल कार्डावर किराण्यात लागतं. सहा टक्के परत."

"बंदरावरच्या हॉटेलात माझ्या कार्डावर चौपट पॉइंट आहेत."

"तुझ्या कार्डावर ना? मग तू जा जेवायला."

बॉस्टनजवळच्या आमच्या फॉल रिव्हर गावात पोर्तुगीज घरांतल्या मुलांना आधी प्रार्थना शिकवतात. आम्हांलाही शिकवल्या, पण त्याच्याआधी कुठल्या दुकानात कुठलं कार्ड काढायचं ते शिकवलं. आईकडे सात कार्डं आहेत. सहा कार्डांवर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्या टपोऱ्या अक्षरात नावं: किराणा, पेट्रोल, औषधं, हॉटेल, फोन, उरलंसुरलं. सातवं नवं कोरं, निळं, विमानवाल्या कंपनीचं. त्याला पट्टी नाही, कारण पट्टीखाली विमानाचं चित्र झाकलं जातं आणि आईला ते चित्र फार आवडतं.

या निळ्या कार्डाची गोष्ट अशी, की तीन महिन्यांत त्याच्यावर चार हजार डॉलर खर्च केले की साठ हजार मैल मिळणार होते. साठ हजार मैलांत बॉस्टनहून पोर्तुगालच्या साओ मिगेल बेटाची जाऊन-येऊन दोन तिकिटं. एक वव्होला आणि एक तिला सांभाळून नेणाऱ्याला. तिकडे बेटावर वव्होची थोरली बहीण एर्मेलिंदा राहते. वय चौऱ्याऐंशी. दोघींनी एकमेकींना सव्वीस वर्षांत पाहिलेलं नाही. म्हणजे दर रविवारी फोनवर व्हिडिओ लावून बघतात, पण दोघीही फोन इतका वर धरतात, की हिला तिचं कपाळ दिसतं आणि तिला हिचं. डिसेंबरात एर्मेलिंदा अंगणात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून वव्हो फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसून राहायची.

तिकिटाला आमच्याकडे पैसे नव्हते असं नाही. पण वव्होने एकतीस वर्षं पडद्यांच्या कारखान्यात शिलाई केली आहे, आणि तिच्या हिशेबात विमानाचं तिकीट ही श्रीमंतांची चैन. "आठशे डॉलर? तेवढ्यात माझं घर दोन महिने उबदार राहील."

"आणि फुकट मिळालं तर?" आईने नाताळच्या जेवणात सगळ्यांसमोर विचारलं होतं.

"फुकट मिळालं तर जाईन," वव्हो म्हणाली होती. तिला वाटलं, फुकट कोण देतंय!

तिला तिची मुलं अजून कळलेली नाहीत. आईने दुसऱ्याच दिवशी निळं कार्ड मागवलं. आणि मामाने तिसऱ्या दिवशी, दुसऱ्या बँकेचं, दुसऱ्या विमान कंपनीचं, हिरवं.

तेव्हापासून आमच्या घरात मार्चपर्यंत जे चाललं त्याला दुसरा शब्द नाही, शर्यत. आईने गाडीचा विमा वर्षभराचा भरला. विजेचं बिल पुढच्या सप्टेंबरपर्यंत आगाऊ भरून टाकलं, तेव्हा वीज कंपनीचा माणूस फोन करून विचारायला लागला की बाई, सगळं ठीक आहे ना. माझ्या दातांची तार, जी खरं म्हणजे पुढच्या वर्षी बसायची होती, ती बसली. बाबा स्कॅलप नावाचे शिंपले पकडणाऱ्या बोटीवर दहा-दहा दिवस समुद्रात असतात, त्यांनी बंदरातून फोन करून नवे बूट घेऊ का विचारलं तर आई म्हणाली, "दोन जोड घ्या!" एरवी ती आधी जुने शिवून होतात का विचारते.

आणि एवढं करून वाढदिवसाच्या दिवशी सकाळी आईचे एक हजार एकशे शहाऐंशी डॉलर खर्चायचे बाकी होते, मामाचे एक हजार, आणि दोघांचाही शेवटचा दिवस तोच होता. माडीवरच्या जेवणाचं बिल होणार होतं एक हजार दोनशे चार. दोघांत वाटलं तर दोघंही बुडणार. म्हणजे बिल एक आणि लेकरं दोन.

रविवारी दुपारी हॉलमध्ये चाळीस माणसं होती, पण बोलत होते फक्त आमच्या टेबलावरचे तिघं. तिसरी फिलोमेना मावशी. तिच्याकडे कार्डच नाही. ती कूपनवाली. वर्तमानपत्रातली, डब्यांवरची, पत्रपेटीत आलेली कूपनं कापून ती चपलांच्या खोक्यात तारखेप्रमाणे लावून ठेवते, आणि गल्ल्यावर एक-एक काढून देताना तिचा चेहरा चर्चमध्ये असतो तसा होतो.

"फिलो, तू माझ्या बाजूने आहेस ना?" आईने कॉड माशाचा रस्सा वाढत विचारलं.

"मी कुणाच्याच बाजूने नाही. तुम्ही दोघं बँकेचे गुलाम."

"मी तुला धुण्याच्या साबणाची चार कूपनं दिली होती गेल्या आठवड्यात," मामा म्हणाला.

मावशीने काटा खाली ठेवला. "जिलचं म्हणणं अगदीच चूक नाही हं, नाताल्या."

"चार कूपनांत विकली गेलीस?" आई म्हणाली. "माझ्याकडे कॉफीची सहा आहेत. एक-एक डॉलरची."

"नाताल्या मोठी आहे," मावशी लगेच म्हणाली. "मोठीचा मान असतो."

मामाचं खरं दुखणं वेगळंच होतं. मला कसं माहीत, तर आमच्या घरात मनातलं मनात राहत नाही. मामाने ते त्या दिवशी पार्किंगमध्ये मला सांगितलं आणि तुम्हांला सांगू नको असं काही म्हणाला नाही. वव्होचा चष्मा आईने आणला. वव्होचे दात आईने बसवून दिले. छप्पर गळायला लागलं तेव्हा माणसं आईने बोलावली. मामाने एकदा मोठा टीव्ही आणून दिला होता. तो अजून खोक्यातच आहे, कारण वव्होला जुना आवडतो. या वेळी एकदाच, फक्त एकदाच, "माझ्या जिलने पाठवलं" असं आपल्या आईने सगळ्या बेटाला सांगावं एवढंच त्याला हवं होतं. दोन कुत्री आणि घटस्फोट असलेल्या बेचाळीस वर्षांच्या माणसाने हे म्हटलं की हसायला येतं, पण मी हसले नाही.

केक कापून झाला आणि हॉलचा माणूस बिलाचं काळं पाकीट घेऊन आला. आई आणि मामा एकदम उठले. पाकिटाचं एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या. इतर टेबलांवरचे नातेवाईक कौतुकाने बघू लागले. आमच्या लोकांत बिलावरून भांडणं हे चांगल्या घरचं लक्षण आहे.

"सोड जिल, लोक बघताहेत."

"बघू देत. मीच देणार."

"किती गुणी मुलं!" मागच्या टेबलावरची कुणीतरी म्हातारी म्हणाली. वव्होने तिच्याकडे असं पाहिलं की ती पुन्हा केक खायला लागली.

"दोघं खाली बसा," वव्हो म्हणाली. बसले. "मला सांगा. नाताल्याचं विमान कुठून कुठे जातं?"

"बॉस्टनहून थेट साओ मिगेल. पाच तास. तू झोपशील आणि उठशील तेव्हा खाली हिरवीगार बेटं."

"आणि जिलचं?"

मामाने टाय सैल केला. "बॉस्टनहून न्यूअर्क."

"मग?"

"मग लिस्बन."

"लिस्बन बेटाच्या पुढे आहे की अलीकडे?"

"पुढे. थोडंसं. तिथून परत मागे यायचं." त्याने आवाज बारीक केला. "एकूण एकोणीस तास. पण माँ, लिस्बनच्या विमानतळावर कस्टर्डच्या गरम वड्या मिळतात—"

"वड्या मी घरी करते," वव्हो म्हणाली.

झालं. मामाने पाकिटावरची बोटं एकेक करून सोडली. आई त्याला काहीतरी चांगलं बोलणार होती, पण तिच्या मनात एकच गाणं वाजत होतं, एक हजार दोनशे चार, एक हजार दोनशे चार, आणि ती उठून जवळजवळ नाचतच गल्ल्याकडे गेली. मामा खिडकीशी जाऊन नदीकडे पाहत उभा राहिला. मी त्याच्याजवळ केकचा मोठा तुकडा घेऊन गेले. त्याने तो सगळा खाल्ला.

मागे वळून पाहिलं, तर आई गल्ल्यापाशी उभी होती आणि पुतळा झाली होती.

तिच्या एका हातात पावती होती. दुसऱ्या हातात कार्ड. आणि कार्डावर पांढरी पट्टी.

आता हे नीट समजून घ्या, कारण पुढच्या कितीतरी वर्षांच्या जेवणांत हे पुन्हा पुन्हा सांगितलं जाणार आहे. आई पंधरा वर्षं या सुपरमार्केटात येते आहे. पंधरा वर्षं या छपराखाली गल्ल्यावरच्याने रक्कम सांगितली, की तिचा हात पाकिटात जातो आणि न बघताच किराण्याचं कार्ड बाहेर काढतो. त्या हाताला निळ्या विमानाचं कुणी काही सांगितलंच नव्हतं. तिने निळं कार्ड तीन महिने सांभाळलं, आरशासमोर उभं राहून ते पाकिटातून काढायची तालीमसुद्धा केली, आणि ऐन वेळी हाताने आपलं काम चोख केलं.

"सहा टक्के," आई पुटपुटली. "बहात्तर डॉलर चोवीस सेंट परत."

"अरे वा," वव्हो म्हणाली, कारण तिला अजून काही कळलं नव्हतं.

गल्ल्यावरच्या माणसाने हात वर केले. त्याने हॉलचं यंत्र दिवसापुरतं बंद करून टाकलं होतं. रद्द करायचं तर मुख्य कार्यालयात अर्ज, आठवडा लागेल. आईने खुर्ची ओढली आणि बसली. ती रडत नव्हती, पण तिचं नाक लाल व्हायला लागलं होतं, आणि आमच्या घरात तेवढं पुरतं.

या ठिकाणी मामाला हसायचा पूर्ण हक्क होता. त्याचं तोंड तशा तयारीत उघडलंही होतं. मी प्रत्यक्ष पाहिलं, ते उघडलं, आणि मिटलं. मग तो म्हणाला, "नाताल्या, ऊठ. माझ्या कुत्र्यांना वर्षाला किती खाणं लागतं माहितेय तुला?"

"काय?"

"दोन मोठी कुत्री. महिन्याला एक पोतं प्रत्येकी. आपण कुठे उभे आहोत? दुकानात! खाली सगळं आहे. जे मी पुढच्या सहा महिन्यांत घेणारच आहे ते आज तुझ्या निळ्यावर घेतो आणि तुला रोख देतो. फिलो, तुझ्या घरी काय लागतं?"

"मी कूपनाशिवाय काही घेत नाही."

"आज घेशील."

"उधळपट्टी नाही," वव्हो ताडकन म्हणाली. तिला आता सगळं कळलं होतं. ती काठी घेऊन उठली, लिफ्टने खाली आली आणि दारातली पहिली ट्रॉली तिने स्वतः ओढली. "जे आज ना उद्या लागणारच आहे, तेवढंच. उगीच एक वस्तू दिसली तर मी परत ठेवीन."

आणि मग आम्ही चौघांच्या घरची सहा महिन्यांचं वाणसामान एका दुपारी भरलं. मी मोबाइलवर बेरीज करत होते आणि ओरडून सांगत होते. कुत्र्यांच्या खाण्याची बारा पोती, मामाने खांद्यावरून एकामागून एक आणली. ऑलिव्ह तेलाचे मोठे डबे. खारवलेला कॉड, लाकडाच्या फळीसारखा कडक. कॉफी. धुण्याची पावडर. माझ्या शाळेसाठी ओटच्या वड्यांची खोकी. टॉयलेट पेपर इतका, की मामाच्या ट्रॉलीमागून मामा दिसेना.

"चारशे नव्वद!" मी.

"माझ्या घरचे दिवे गेलेत दोन," मावशी म्हणाली.

"चार घे!"

"दोन गेलेत म्हटलं ना!" वव्होने दोन परत ठेवले.

मधेच मामाने एका बाळवाल्या माणसाला गाठलं, ज्याच्या ट्रॉलीत डायपरचे आठ गठ्ठे होते. "दादा, हे तुम्ही आमच्या कार्डावर घ्या आणि पैसे मला रोख द्या." तो माणूस बाळाला छातीशी धरून मागे सरकायला लागला. मामाने घाईघाईने वव्होकडे बोट दाखवलं. "माझी आई आहे. ऐंशी वर्षांची. बहिणीला भेटायला जायचंय तिला." त्या माणसाने वव्होकडे पाहिलं. वव्होने मान डोलावली, राणीसारखी. डायपर आमच्या ट्रॉलीत आले.

"नऊशे बत्तीस!"

या सगळ्यात वव्हो काय विचार करत होती, हे मला नंतर कळलं, गाडीत. ती म्हणाली, तिला वाटत होतं मुलं तीन महिने पॉइंटांसाठी भांडताहेत. मग तिने जिलला खांद्यावरचं पोतं नाताल्याच्या ट्रॉलीत टाकताना पाहिलं. लहानपणी ही दोघं एकच सायकल अशीच ओढायची, म्हणाली, आणि शेवटी दोघंही चालत घरी यायची.

पाच ट्रॉल्या गल्ल्यावर लागल्या. गल्ल्यावरची मुलगी माझ्याच शाळेतली, वरच्या वर्गातली ब्रियाना. ती यंत्रावर वस्तू फिरवत होती आणि आम्ही सगळे आकड्याकडे पाहत होतो. शेवटची वस्तू झाली. आणि मावशीने, सवयीने, पिशवीतून जाडजूड पाकीट काढून कूपनं पुढे केली.

ब्रियानाने ती पटापट लावली. आकडा खाली आला.

"एक हजार एकशे अठ्ठावीस, चाळीस सेंट," ब्रियाना म्हणाली. "तुमचे त्रेचाळीस डॉलर वीस वाचले!"

"परत घे!" आई ओरडली.

"काय?"

"फिलो! कूपनं परत घे!"

फिलोमेना मावशीने आयुष्यात कधीही लागू झालेलं कूपन परत घेतलेलं नाही. घ्यायचं असतं हेच तिला माहीत नव्हतं. तिने त्या कागदांकडे पाहिलं. त्यातलं कॉफीचं एक डॉलरचं आजच संपत होतं. मग तिने वव्होकडे पाहिलं, आणि मग एकेक कूपन परत घेतलं, तारखेप्रमाणे लावलं आणि पाकिटात ठेवलं. मला वाटलं टाळ्या वाजवाव्या. मामाने वाजवल्या.

"एक हजार एकशे एकाहत्तर, साठ," ब्रियाना म्हणाली. आमच्या मागे रांग लागली होती आणि रांगेतले लोकही आता आकड्यात गुंतले होते.

"चौदा चाळीस कमी!" मी म्हणाले. "चौदा डॉलर चाळीस!"

"च्युइंगम घ्या!" मागून कुणीतरी म्हणालं.

"उधळपट्टी नाही," मामा आणि आई एकदम म्हणाले, आणि एकमेकांकडे बघून हसले, थँक्सगिव्हिंगपासून पहिल्यांदा.

"मग काय लागतं? कुणाला काय लागतं? लवकर बोला!"

कुणाला काहीच लागत नव्हतं. आमच्या चार घरांत आता सप्टेंबरपर्यंत काही कमी नव्हतं. आई मीठ म्हणाली, मीठ होतं. मावशी काडेपेटी म्हणाली, काडेपेट्या होत्या. मी बडबडत होते, आणि मग माझ्या लक्षात आलं की वव्हो नाहीये.

ती सावकाश, काठी टेकत, औषधांच्या रांगेतून येत होती. तिने गल्ल्यावर एक मोठी बाटली ठेवली. हाताला लावायचं क्रीम, चांगल्यातलं. आमच्या घरात असलं कुणी घेत नाही; आम्ही डब्यातलं व्हॅसलीन लावतो.

आईने बाटलीकडे पाहिलं. "माँ, हे कुणाला?"

"एर्मेलिंदाला," वव्हो म्हणाली. "अजून दोन गाई पाळते ती. तिकडे हिवाळ्यात तिच्या हातांना भेगा पडतात, रक्त येतं. सव्वीस वर्षांनी जाणार, तर रिकाम्या हाताने जाऊ की काय?"

आईने निळं कार्ड काढलं, आणि मामाने खात्री करायला तिचं मनगट धरून ते आधी स्वतः पाहिलं.

ब्रियानाने बाटली फिरवली. सोळा एकोणपन्नास. मग तिने बाटली वव्होकडे सरकवली आणि हळूच म्हणाली, "आजी, एक सांगू? हे उद्या सकाळपासून निम्म्या किमतीत आहे. थांबता का?"

फिलोमेना मावशीने श्वास रोखला.

वव्होने बाटली परत तिच्याकडे ढकलली. "नको गं पोरी," ती म्हणाली. "आजच्याच भावाने लाव."